अण्णांचे दोन लाख आणि अणुबॉम्ब : असं दान नेमकं जातं कुठं?

रामबागची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न विचित्र आहे. हसायचं तर हसून घ्या, पण मग उत्तर द्या.

माझे वडील, अण्णा, इंदूरच्या एका मराठी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. या मार्चमध्ये गेले. त्यांचे कागद आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पावत्यांचा गठ्ठा निघाला. गणेशोत्सवाची वर्गणी ११ रुपये, वाचनालय, कुणाच्या तरी मुंजीतला आहेर, सगळ्याच्या नोंदी. त्यातल्याच एका पावतीच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलंय : 'मुदतठेवीतले दोन लाख, अणुबॉम्ब नाहीसे व्हावेत म्हणून जे कुणी खटपट करत असतील त्यांना द्यावेत. गाईंना नको. देवळाला नको.'

'गाईंना नको' हे देवासच्या ताईला उद्देशून आहे. तिलाही ते कळलंय, म्हणून गेले दोन महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

हे काही अण्णांचं म्हातारपणीचं खूळ नव्हे. दर ६ ऑगस्टला ते वर्गात इंदूरचा जुना नकाशा टांगायचे आणि कंपासचं टोक राजवाड्यावर टेकवून दोन किलोमीटरचं वर्तुळ काढायचे. हिरोशिमात साधारण तेवढ्या टापूतलं सगळं जळून गेलं होतं. सराफा आत, स्टेशन आत, आमचं रामबाग आत. एमवाय हॉस्पिटल रेघेच्या आसपास. पलासियाची पोरं ओरडायची, "सर, आमचं घर बाहेर!" अण्णा म्हणायचे, "छान. मग आता जखमींना कुठल्या दवाखान्यात नेणार ते सांगा." तो नकाशाही डब्यात आहे. राजवाड्याच्या जागी कंपासच्या टोकानं भोक पडलंय.

मी भंवरकुआँच्या कोचिंगवाल्या मुलांना डबे देते, रोज बेचाळीस. दोन लाख म्हणजे माझी दीड वर्षाची बचत, तेव्हा कुणाच्या तरी खात्यात टाकून हात झटकायचे नाहीत. बॉम्ब सरकारांचे. ते काही आपल्याला मोडीत विकत घेता येत नाहीत. मग या कामाला पैसे देणारे देतात ते कशासाठी? पगार, पत्रकं, मेणबत्त्या? त्यानं आजवर एक तरी बॉम्ब कमी झाला का? झाला असेल तर कसा, तेवढंच सांगा.

महूकर

ताई, वडिलांना नमस्कार. मी २४ वर्षं फौजेत काढली, आता महूला असतो. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. शेजारच्या दोन्ही देशांकडे बॉम्ब असताना इथे मेणबत्त्या लावून काही होत नाही. आपण पहिला वार करणार नाही असं आपलं धोरण आहे, तेवढं पुरेसं आहे. दोन लाखांत एखाद्या हुशार मुलाची फी भरा. मास्तरांच्या आत्म्याला तेच आवडेल.

खासगी_खतावणी

रामबागच्या ताई, तुमचा प्रश्न वाचून मी पोह्याची बशी बाजूला ठेवली. इंदूरच्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे.

मी राजेंद्रनगरला राहतो. ३८ वर्षं धर्मादाय ट्रस्टांचे हिशेब लिहिले. निवृत्तीनंतर लोक कादंबऱ्या वाचतात, मी जगभरच्या ट्रस्टांचे वार्षिक अहवाल वाचतो. बायको याला व्यसन म्हणते. त्यामुळे 'मेणबत्त्या की आणखी काही' या तुमच्या प्रश्नाला मी हिशेबनिसाच्या अंगानंच उत्तर देऊ शकतो.

आधी आपल्या घरचं. होळकरांच्या राज्यात दोन खाती होती, दौलत आणि खासगी. दौलत म्हणजे राज्याची तिजोरी. अहिल्याबाईंनी काशी, गया आणि कुठं कुठं जी देवळं, घाट, धर्मशाळा बांधल्या त्या खासगीतून. मला त्यातली मेख अशी दिसते की दुसऱ्याच्या मुलखात घाट बांधायचा तर दौलतीच्या पैशाला शंभर प्रश्न येतात : कुणाची हद्द, कुणाचा हुकूम, कुठल्या नियमाखाली. खासगीला एकच प्रश्न : काम होण्याजोगं आहे का?

आता सर्बियाला चला. बेलग्रेडजवळ व्हिंचा नावाची अणुसंशोधन संस्था आहे. तिथं ४८ किलो उच्च समृद्ध युरेनियम पडून होतं. दोनेक बॉम्बना पुरेल एवढं, आणि आजूबाजूला नुकतीच युद्धं होऊन गेलेली. अमेरिकेला ते तिथून हलवून रशियात न्यायचं होतं. सर्बियाची अट अशी, की ते न्या, पण आमच्या तळ्यात वापरलेलं इंधन सडतंय त्याचीही व्यवस्था लावा. आणि इथं गाडी अडली. अमेरिकी सरकारकडे पैसे होते, पण त्या खात्यातून असल्या साफसफाईवर खर्च करायला कायदा आडवा येत होता. आपल्याकडच्या कुठल्याही लेखापालाला हे ऐकून घरच्यासारखं वाटेल.

अडलेली रक्कम होती ५० लाख डॉलर. ती दिली न्यूक्लिअर थ्रेट इनिशिएटिव्ह या खासगी संस्थेनं. सीएनएनवाले टेड टर्नर आणि माजी सिनेटर सॅम नन यांनी २००१ मध्ये काढलेली संस्था. ऑगस्ट २००२ मध्ये बाराशे सैनिकांच्या बंदोबस्तात तो माल विमानतळावर गेला आणि तिथून रशियाला. म्हणजे बाकी सगळं, विमान, फौज, करार, सरकारांचंच. खासगीनं फक्त जिथं चाक रुतलं होतं तिथं खांदा लावला.

तुमच्या 'एक तरी बॉम्ब कमी झाला का' याचं हे अर्धं उत्तर. झाला म्हणण्यापेक्षा, दोन व्हायचे राहिले.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात रक्कम थोडी आणि चलाखी जास्त. १९८६. अणुचाचण्या बंद करायचा करार का होत नाही, तर म्हणे समोरच्यानं जमिनीखाली चोरून चाचणी केली तर कळणार कसं, आणि रशियन लोक कुणाला आत येऊ देणार नाहीत. वॉशिंग्टन हे वर्षानुवर्षं म्हणत होतं. मग अमेरिकेतल्या एका पर्यावरण संघटनेनं, एनआरडीसीनं, सरकारला बाजूला ठेवून थेट सोव्हिएत विज्ञान अकादमीशी करार केला. खासगी देणग्यांतून भूकंपमापक घेतले, अमेरिकन शास्त्रज्ञ कझाकस्तानात कारकारालिन्स्कला गेले आणि सेमिपालाटिन्स्कच्या चाचणीक्षेत्रापासून जेमतेम दोनशे किलोमीटरवर यंत्रं मांडून बसले. शीतयुद्ध चालू असताना! 'आत येऊ देणार नाहीत' हा मुद्दा तिथंच संपला. ज्यांनी पैसे दिले त्यांत प्लाउशेअर्स फंड होता. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सॅली लिलियेन्थल नावाच्या बाईंनी १९८१ मध्ये सुरू केलेला, लहानमोठ्या देणगीदारांकडून गोळा करून वाटणारा निधी. नांगराचा फाळ असं त्याचं नाव, तलवारी वितळवून फाळ करायचे या बायबलातल्या वचनावरून.

तिसरं, कागदी काम. महूकरांना वाटेल की अहवाल लिहून काय होतं. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये ढासळत होता तेव्हा हजारो अण्वस्त्रं रशिया, युक्रेन, कझाकस्तान, बेलारूस अशी चार देशांत वाटली जाणार हे उघड दिसत होतं. त्यांचं काय करायचं यावर हार्वर्डमध्ये एक गट अभ्यास करत होता. न्यूयॉर्कची कार्नेगी कॉर्पोरेशन या विषयावरच्या कामाला पैसा पुरवत होती, आणि तिचे अध्यक्ष डेव्हिड हॅम्बर्ग शास्त्रज्ञ आणि सिनेटर यांना एका टेबलाशी बसवत होते. त्यातून, सोव्हिएत अण्वस्त्रं मोडायला अमेरिकेनं पैसा द्यायचा असा, नन आणि लुगार या दोन सिनेटरांचा कायदा त्याच वर्षी झाला. पुढं त्या कायद्याच्या पैशातून साडेसात हजारांवर अण्वस्त्रं निकामी झाली आणि १९९६ संपेपर्यंत युक्रेन, कझाकस्तान, बेलारूसमध्ये एकही उरलं नाही. ताई, हे तुमचं दुसरं अर्धं उत्तर. बॉम्ब मोडले सरकारनं. पण सरकारला जाग आली तेव्हा टेबलावर तयार कागद होता, तो कुणीतरी आधीच पैसे देऊन लिहून घेतला होता.

आता कडू भाग, तोही सांगायला हवा. माझ्या हातून हिशेब गेलेल्या एका ट्रस्टचा गिरणी वस्तीत क्षयाचा दवाखाना होता. चांगला चालायचा. देणगीदार वारले, नातवानं ठरवलं की आता पैसा दुसरीकडे लावायचा. त्यात गैर काही नव्हतं, पैसा त्याचाच. आठ महिन्यांत दवाखान्याला कुलूप. एक्सरेवाला पुढं मोबाइल रिचार्ज विकताना दिसायचा. या अण्वस्त्रांच्या क्षेत्रात नेमकं तेच झालं. मॅकआर्थर फाउंडेशन हा सगळ्यात मोठा दाता, काही वर्षं तर जगातल्या खासगी पैशातला निम्म्याच्या जवळपास वाटा एकट्याचा. २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आम्ही यातून बाहेर पडतो, आणि २०२३ पर्यंत निरोपाचे हप्ते देऊन ते मोकळे झाले. नेमकी युक्रेनची लढाई पेटलेली असताना. एकाच खांबावर मांडव घातला की असं होतं.

आणि आकडा ऐका. अण्वस्त्रं बाळगणाऱ्या नऊ देशांनी २०२४ मध्ये त्यांच्यावर १०० अब्ज डॉलरच्या वर खर्च केला, हा अण्वस्त्रबंदीसाठी झटणाऱ्या आयकॅन या संघटनेचा हिशेब. याच्याविरुद्ध जगभरचं खासगी दान वर्षाला साधारण ३ ते ५ कोटी डॉलर. तिकडे दोन-तीन हजार रुपये, इकडे एक रुपया. माझ्या खतावणीत असं पान असतं तर मी दोनदा बेरीज तपासली असती.

रामबागची_लेक

काका, दोनदा वाचलं. व्हिंचाचं तर ताईलाही फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे सरकारचं काम सरकारनं करायचं आणि पैसे मात्र लोकांनी भरायचे." फोन ठेवल्यावर मला वाटलं, तिचंही चुकलं नाही.

पण मग हे सगळे टर्नर, बफेट असल्या अब्जाधीशांचेच खेळ झाले ना? ५० लाख डॉलरपुढं अण्णांचे दोन लाख रुपये कुठं? आणि महूकर भाऊ, एका मुलाची फी मी आधीच भरते. अण्णांनी सांगितलंय ते वेगळं आहे.

दात_आणि_दाते_बडोदा

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात माझा दातांचा दवाखाना आहे. माझ्या धंद्यात 'दाता' हा शब्द फार जपून वापरावा लागतो, पण इथं तो दोन्ही अर्थांनी लागू आहे.

ताई, लहान दान म्हणजे काय ते ऐका. अमेरिकेत सेंट लुईस शहरात १९५८ च्या डिसेंबरात डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि गृहिणींनी मिळून एक मोहीम काढली. उघड्यावर चाललेल्या अणुचाचण्यांमधून किरणोत्सर्गी स्ट्रॉन्शियम-९० हवेतून गवतावर, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडादातांत उतरतं, हे सिद्ध करायचं होतं. हाड मागता येत नाही. पण दुधाचे दात आपोआप पडतात! आयांनी ते पाकिटात घालून पाठवायचे, सोबत मूल कुठं जन्मलं, कुठलं दूध प्यायलं याची चिठ्ठी. मुलाला बदल्यात छातीवर लावायचा बिल्ला. बारा वर्षांत ३ लाख २० हजारांच्या आसपास दात जमले. पहिले निष्कर्ष १९६१ मध्ये छापून आले आणि उघड्यावरच्या चाचण्यांविरुद्ध लोकांत जो ओरडा उठला त्यात या दातांचा मोठा हात होता. १९६३ मध्ये वातावरणातल्या, पाण्यातल्या आणि अवकाशातल्या चाचण्या थांबवणारा करार झाला.

सरकारी आरोग्य खात्याचं अनुदानही त्या कामाला मिळालं होतं, ते लपवत नाही. पण अनुदानानं दात येत नाहीत. ते आयांनीच दिले.

(अण्णांनी 'गाईंना नको' लिहिलंय, आणि इथं गाईच्या दुधावाचून गोष्टच पुढं सरकत नाही. देवासच्या ताईंना सांगा.)

सराफा_रात्री_बारा

एवढं लांब कशाला जायचं भिया? आपल्याकडे केट आहेच की. त्याच्या गेटसमोर एक दिवस धरणं धरा, दोन लाखांत मांडव, माइक, कचोऱ्या सगळं होईल 😄

केट_रोड_निवृत्त

@सराफा_रात्री_बारा, माझी अर्धी हयात तिथं गेली म्हणून सांगतो. केट, म्हणजे आताचं राजा रामण्णा केंद्र, अणुऊर्जा खात्याचं आहे हे खरं. पण तिथं लेझर आणि कणत्वरक यांचं काम चालतं. इंडस-१, इंडस-२ ही सिंक्रोट्रॉन यंत्रं तिथली, देशभरातून संशोधक आपले नमुने घेऊन येतात. 'अणू' शब्द दिसला की बॉम्ब, हे समीकरण सोडा. कचोऱ्या मात्र पाठवा.

ताई, तुमच्या वडिलांसारखे एक सर मलाही होते. वर्तुळाचं वाचून अंगावर काटा आला.

खासगी_खतावणी

बडोदेकर डॉक्टरांनी माझं काम सोपं केलं. ताईंनी बफेटचं नाव घेतलंच आहे तर तेही सांगून टाकतो, कारण त्यात 'अट' कशी घालावी याचा धडा आहे आणि मला अटी घालणारे देणगीदार आवडतात.

२००६ मध्ये बफेट यांनी त्याच न्यूक्लिअर थ्रेट इनिशिएटिव्हमार्फत ५ कोटी डॉलर देऊ केले. कशाला, तर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या ताब्यात अणुइंधनाची एक पेढी असावी म्हणून. एखाद्या देशाचं वीजकेंद्रासाठीचं इंधन राजकारणामुळं अडलं तर त्यानं तिथून घ्यावं, आणि 'आम्हाला इंधनाची खात्री नाही' असं म्हणत स्वतःचा युरेनियम समृद्ध करायचा कारखाना काढू नये. त्या कारखान्यातूनच पुढं बॉम्बचा माल काढता येतो. अट अशी, की बाकीच्या देशांनी १० कोटी घातले तरच माझे ५. मुदत संपली, वाढवून द्यावी लागली. शेवटी अमेरिका, युरोपीय संघ, नॉर्वे, अमिराती, कुवेत यांनी भर घातली. पेढी कझाकस्तानात २०१७ मध्ये उघडली आणि २०१९ मध्ये तिथं प्रत्यक्ष माल पोचला. वचनापासून मालापर्यंत तेरा वर्षं! आपल्याकडे तेरा महिन्यांत देणगीदार "माझ्या नावाची पाटी कुठाय" विचारायला येतो.

महूकर साहेब, तुम्हाला एक नाव देतो. ॲडमिरल रामदास. १९७१ च्या लढाईत वीरचक्र, पुढं नौदलप्रमुख. निवृत्तीनंतर अलिबागजवळ शेती करत राहिले आणि अण्वस्त्रांविरुद्ध, भारत-पाकिस्तानातल्या लोकांनी एकमेकांशी बोलत राहावं म्हणून काम करत राहिले. २००४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना आणि पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांना मिळून मिळाला. म्हणजे फौजेत राहिलेला माणूस याच्या विरोधातच असतो असं नाही. शिवाय अण्वस्त्रमुक्त जग ही आपल्याच सरकारची जुनी मागणी आहे. १९८८ मध्ये राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत २०१० पर्यंतचा टप्प्याटप्प्याचा आराखडा मांडला होता.

आणि एक हुकलेली गोष्ट, जी मला सारखी टोचते. आइनस्टाइन आणि रसेल यांच्या अण्वस्त्रांविरुद्धच्या १९५५ च्या जाहीरनाम्यानंतर दोन्ही गटांच्या शास्त्रज्ञांनी एकत्र बसायचं ठरलं, तेव्हा पहिली बैठक दिल्लीत व्हायची होती. नेहरूंचं आमंत्रण होतं. सुएझ कालव्याचा पेच उभा राहिला आणि ते बारगळलं. मग सायरस ईटन नावाचा पोलाद-रेल्वेतला उद्योगपती म्हणाला, माझ्या गावी या, खर्च माझा. गाव कॅनडातलं पगवॉश. जुलै १९५७ मध्ये २२ शास्त्रज्ञ तिथं जमले. त्या चळवळीला आणि तिच्या जोसेफ रॉटब्लाटना १९९५ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. तेव्हा दिल्लीचं जमलं असतं तर? असो, हे आपलं माझं म्हाताऱ्याचं चिंतन.

आयंडहोव्हनचा_इंदूरी

मी नेदरलँड्समध्ये असतो, आईबाबा सुदामानगरला. दान न करताही पैसा कसा काम करतो त्याचं एक उदाहरण.

माझी बायको इथं विद्यापीठात आहे, त्यामुळं तिचं पेन्शन एबीपी नावाच्या अवाढव्य फंडात जमा होतं. अण्वस्त्रांचे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत कुठल्या बँका आणि फंड पैसे गुंतवतात याच्या याद्या इथली पॅक्स ही संघटना वर्षानुवर्षं छापत आली. संघटना देणग्या आणि अनुदानांवर चालणारी, याद्या कंटाळवाण्या. पण सभासद पत्रं लिहायला लागले की माझ्या पेन्शनमध्ये हे का? २०१८ च्या सुरुवातीला एबीपीनं जाहीर केलं की तंबाखू आणि अण्वस्त्रं या दोन्हींतून आम्ही बाहेर पडतो.

गंमत म्हणजे २०१७ मध्ये अण्वस्त्रबंदीच्या कराराला संयुक्त राष्ट्रांत १२२ देशांनी हो म्हटलं, आणि नाही म्हणणारा एकमेव देश नेदरलँड्स! निदान तो वाटाघाटींना जाऊन बसला तरी. त्याआधी चाळीस हजारांवर लोकांच्या सह्या गोळा करून संसदेला चर्चा घ्यायला लावली होती. भारतासकट एकही अण्वस्त्रधारी देश तिकडे फिरकलाच नाही. त्या कराराच्या मागे लागलेल्या आयकॅनला त्याच वर्षी नोबेल मिळालं. ती मेलबर्नच्या डॉक्टरांच्या खटपटीतून निघालेली संघटना आहे.

महूकर

रामदास साहेबांचं नाव काढलंत म्हणून लिहितो. त्यांच्याबद्दल आदर आहे, मत वेगळं आहे. करार ज्यांच्याकडे बॉम्ब नाहीत त्यांनी केला. मी शाकाहारी आहे म्हणून बोकड वाचला असं होत नाही.

पण ते भूकंपमापकाचं पटलं. आम्ही फौजेत हेच म्हणायचो, समोरच्यावर विश्वास ठेवू नका, डोळे ठेवा. डोळे ठेवायला पैसे लागत असतील तर ते द्यावेत. यावर माझा आक्षेप नाही.

रामबागची_लेक

भाऊ, बोकडाचं वाचून हसले. आणि तुमचा शेवटचा परिच्छेद मी वहीत उतरवून घेतला.

काका, आता व्यवहाराचं सांगा. द्यायचे कसे? आणि कुणाला?

खासगी_खतावणी

आधी नको त्या गोष्टी बाद करू. परदेशी पैसा भारतात आणायला संस्थेला परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी लागते, आणि २०२० पासून तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरवावा लागतो, पुढं दुसऱ्या संस्थेला वाटताही येत नाही. म्हणून बाहेरचे मोठे दाते इथल्या लहान गटांपर्यंत सहज पोचत नाहीत. कंपन्यांचा दोन टक्क्यांचा सामाजिक निधी म्हणाल तर कायद्यातल्या परवानगीच्या यादीत निःशस्त्रीकरण हा शब्दच नाही. राहिले कोण? तुम्ही. तुमचे रुपये इथलेच, त्यांना यातला एकही अडसर नाही. दोन लाख छोटे आहेत हे खरं, पण या दुष्काळात ते हंडाभर पाणी आहे.

परदेशी संघटनेला द्यायचे तर बँकेतून रीतसर पाठवता येतात, रिझर्व्ह बँकेच्या योजनेत देणगी बसते. साधारण सव्वादोन हजार डॉलर होतील. आयकरातली ८०जीची सवलत विसरा. देशात द्यायचे तर चेकनं किंवा खात्यातून द्या, पावती घ्या, ८०जीचा दाखला चालू आहे का पाहा. आणि विवरणपत्र नव्या करपद्धतीनं भरत असाल तर ती सवलत तशीही नाहीच.

कुणाला, हे मी सांगणार नाही. ती माझी जुनी सवय आहे, हिशेबनिसानं दात्याला देव दाखवू नये. दिशा सांगतो. भारतातल्या डॉक्टरांची एक संघटना आहे, इंडियन डॉक्टर्स फॉर पीस अँड डेव्हलपमेंट. १९८५ चं नोबेल मिळालेल्या जागतिक वैद्यकीय संघटनेची ही इथली शाखा. तुमच्या अण्णांचा दवाखान्याचा प्रश्न हाच तर त्यांचा विषय. त्यांना पत्र लिहा, आणि चार गोष्टी विचारा : गेल्या वर्षीचा ताळेबंद, किती पैसा पगारात, किती कामात, आणि माझ्या पैशातून नेमकं काय कराल. उत्तर किती दिवसांत आणि कसं येतं यावरून तुम्हाला निम्मं कळेल. हे मी कुठल्याही संस्थेबद्दल सांगेन.

माझं खासगी मत विचाराल तर मुद्दल मोडू नका. दोन लाखांवर वर्षाला तेराएक हजार व्याज सुटतं. ते दरवर्षी ६ ऑगस्टला द्या. दवाखान्याची गोष्ट आठवा.

रामबागची_लेक

काका, तुमचं ऐकून रात्रभर विचार केला. पण अण्णांनी 'द्यावेत' लिहिलंय, 'ठेवावेत' नाही. व्याकरणात ते पक्के होते. मुद्दल मोडणार.

एक लाख डॉक्टरांसाठी. आज पत्र टाकलं, तुमचे चारही प्रश्न घालून. उत्तर नीट आलं तर चेक.

दुसऱ्या लाखाचं माझं मीच ठरवलं. अण्णांचा नकाशा नव्यानं काढून घ्यायचा, वर्तुळासकट. मराठी आणि हिंदी दोन्हींत. खाली कसलंही भाषण नाही. फक्त आत आणि बाहेर असलेल्या दवाखान्यांची यादी, आणि अण्णांचा तो प्रश्न. इंदूर, देवास, महूच्या शाळांत द्यायचा. केट रोडवाल्या काकांनी अंतरं तपासून दिली तर बरं होईल. देवासच्या ताईला कळवलं, तर ती म्हणते देवासचा वेगळा काढा, टेकडी मध्यभागी धरून. म्हणजे बोलायला लागली!

केट_रोड_निवृत्त

आनंदानं. पण एक काळजी घ्या. छापखानेवाले कागद वाचवायला नकाशा लहान करतात. मोठ्या नकाशाचा बारीक केला तर वर्तुळ चुकेल, दोन किलोमीटरचं दीड होईल.

रामबागची_लेक

काका, नाही होणार. नकाशा बारीक झाला तर वर्तुळही तेवढंच बारीक होतं. स्टेशन आतच राहतं. फक्त 'एक सेंटीमीटरला इतके मीटर' असं शब्दांत लिहायचं नाही, पट्टी काढायची, म्हणजे तीही सोबत बारीक होते. हे अण्णांनी सातवीत शिकवलं होतं, आणि तेव्हा मी चुकले होते म्हणून पक्कं लक्षात आहे.